मुकापोरचा ठोका

रोम लुटल्याची बातमी आली त्या सकाळी माझ्या भट्टीसमोर नुसता बाजार भरला होता. पाव घ्यायला कोणी आलंच नव्हतं, सगळ्या रडायला आल्या होत्या. एक म्हणे रस्तोरस्ती मढी पडलीत, दुसरी म्हणे जग बुडालं. यातल्या एकीनेही जन्मात रोम पाहिलेलं नाही. मीही नाही. आम्ही हाद्रियानोपोलिसची माणसं, राज्य रोमचंच पण रोम कुठच्या कुठे, आमचं जगणं-मरणं याच तटाच्या आत.

मी म्हटलं, "बायांनो, गळे काढायचे तर घरी जाऊन काढा. इथे माझं पीठ वर येतंय."

"बेंदिनामावशी, काळीज आहे का दगड?" शिंप्याची सून म्हणाली. "रोम लुटलं गॉथांनी! कुठून आभाळातून पडले मेले!"

तिथे माझं डोकं सटकलं. "आभाळातून? अगं, त्यातले काही आपल्याच शहराच्या दरवाजासमोरून गेलेत. गेले कसले, आपणच घालवले. आणि एखादा तर आपल्या गल्लीचा नातू असेल, समजलीस?"

तिला काय कळणार, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पण बोलून गेले आणि तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. पीठ मळता मळता उठते, दाराशी जाते, परत येते. शेजारचं घर रिकामं आहे. मुकापोरचं घर. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली. कारखान्यातली नवी पोरं अजून त्याची टिंगल करतात, की म्हातारा ढाली करायचा झकास, पण ढाल कधी ठोकून बघायचा नाही, दुसऱ्याला सांगायचा. भित्रा होता म्हणे. सांगते मी कसला भित्रा होता ते.

मुकापोर ढाली-हत्यारांच्या सरकारी कारखान्यात ढालींचा मुख्य कारागीर होता. हाडाकातड्याचा चिकट सरस उकळणं, चामडं चढवणं, हे त्याचं काम. अंगाला सरसाचा असा वास की रस्त्यातली कुत्री त्याच्यामागे घरापर्यंत यायची. कारखान्यातल्या सगळ्यांच्या दंडावर डाग दिलेला असतो, पळून जाऊ नयेत म्हणून. बापाचं काम मुलाने करायचं, दुसरं करायचं नाही, शहर सोडायचं नाही. मुकापोर बाही वर करून म्हणायचा, "बघ बेंदिना, बादशहाचा माझ्यावर किती जीव! मला हरवूच देत नाही."

ढाल म्हणजे काय, तर हलक्या लाकडाच्या फळ्या, दोन्ही अंगांनी कच्चं चामडं, आणि मध्ये सरस. सरस आतून ओला राहिला तर ढाल दिसायला ठणठणीत, पण पहिल्याच घावाला चामडं सुटणार. डोळ्याला ते दिसत नाही. कानाला कळतं. ओली ढाल बसकी वाजते. म्हणून कारखान्यात रीतच होती, ढाल हातात आली की आधी काठीने ठोकायची, मग पुढचं बोलायचं. न ठोकलेली ढाल धरणं अपशकुन. मुकापोरचा ठोका ठरलेला. एक, मग जरा थांबून दोन लागोपाठ. ठक... ठकठक. त्याने ठोकलं की त्याच्यामागे सगळे आपापल्या ढाली ठोकायचे. त्याआधी नाही.

त्याची बायको मुलीच्या, झियाच्या जन्माच्या वेळी गेली. पोर कारखान्यालगतच्या माझ्याच भट्टीच्या उबेला वाढली. पाळण्यात असल्यापासून बापाचा ठोका तिच्या कानावर. जरा मोठी झाली तर इथे बसून सांगायची, "मावशी, आज बाबा रागावलेत. ऐक, दुसरा ठोका जोरात पडला." आणि खरंच तो संध्याकाळी तणतणत घरी यायचा.

त्या वेळी तटाबाहेर गॉथांची, म्हणजे डॅन्यूब नदीपलीकडून आलेल्या लोकांची, एक पलटण राहायची. बादशहाचीच पलटण, बादशहाचा पगार खाणारी, माझा पाव खाणारी. लोकरीच्या विजारी घालायचे आणि पावाला तेलाऐवजी लोणी फासायचे, एवढाच काय तो फरक. त्यातला वेरेका नावाचा एक उंचापुरा जवान एकदा नवी कोरी ढाल घेऊन कारखान्याच्या दारात उभा राहिला.

"म्हातारबा, ही बसकी वाजते."

"कोण म्हणतो?" मुकापोर उसळला.

"माझा कान म्हणतो."

"तुझा कान? लोणी खाऊन बुजलाय तो. आण इकडे." मुकापोरने ढाल हिसकावली, ठोकली, आणि त्याचा चेहराच उतरला. पुन्हा ठोकली. ढाल कडेशी ओली होती. दुसऱ्या कोणाच्या हातची होती, पण नजरेखालून त्याच्याच गेली होती. आजवर एकाही रोमन साहेबाला हे कळलं नव्हतं. कितीतरी ओल्या ढाली साहेब हसत हसत घेऊन गेले होते.

पुढे वेरेकाने झियाला मागणी घातली तेव्हा मुकापोर मला म्हणाला, "कान चांगला आहे पोराचा."

"दादा, पोरीला काय कानाशी संसार करायचाय?"

"तिचं बोलणं ऐकायला कानच लागेल," तो म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. असली लग्नं कायद्याला चालत नव्हती, पण गल्लीने डोळे मिटून घेतले आणि मी पाव भाजले. वेरेका त्याला मामा म्हणायचा, तो वेरेकाला जावईबापू. दोघे माझ्या ओट्यावर बसून ढालींवरून भांडायचे. झियाला दिवस राहिले तेव्हा तर म्हाताऱ्याने नातवासाठी वीतभर ढालही करून ठेवली.

मग ते वर्ष आलं.

उत्तरेकडून हूण आले. हूणांच्या धास्तीने दुसरे गॉथ, वेरेकाचे लांबचे भाऊबंद म्हणा, बायकापोरं गाड्यांत घालून डॅन्यूबच्या काठाशी येऊन बसले. आम्हाला आत घ्या, शेतं कसू, पलटणीत येऊ. बादशहाने घेतलं. त्यात वाईट काय होतं? पण काठावरच्या साहेबांनी त्यांच्यासाठी आलेलं धान्य आपल्या घशात घातलं आणि त्या उपाशी माणसांना खायला कुत्री विकली. एका कुत्र्याला एक पोर. कुत्रं घ्या, पोर गुलाम म्हणून द्या. हे मला एका गाडीवानाने इथे या ओट्यावर सांगितलं आणि त्या दिवशी माझा अख्खा घाणा करपला. मग ते लोक उठले. उठणार नाहीत तर काय करतील? गावं जाळत, लुटत खाली आमच्याकडे सरकू लागले.

आणि आमच्या शहराची नजर फिरली. कालपर्यंत वेरेकाला हाक मारून दारू पाजणारे आज रस्ता बदलून जायला लागले. कोणाची कोंबडी हरवली तरी बोट पलटणीकडे. त्यातच शहराच्या कारभाऱ्याचा तटाबाहेरचा मळा कोणीतरी लुटला. कोणी लुटला देव जाणे, पण कारभारी पिसाळला. तेवढ्यात वरून हुकूम आला, गॉथांच्या पलटणीने समुद्र ओलांडून पूर्वेला जावं.

वेरेका आणि झिया त्याच दुपारी माझ्याकडे आले. झियाला सातवा संपत आला होता. मुकापोर कारखान्यातून तसाच धावत आला, हाताला सरस चिकटलेला.

"जावईबापू, तुम्हाला हुकूम आहे, तुम्ही जा," तो दारातूनच म्हणाला. "झिया इथे राहील. बाळंत होऊ दे, मग बघू."

"बाबा, हुकूम पलटणीला आहे आणि मी पलटणीची आहे."

"तू कारखान्याची आहेस!"

झियाने सरळ बाही वर सारली. "कुठंय डाग? दाखवा. आहे का? तुम्हाला जाता येत नाही म्हणून मी पण जायचं नाही?"

मुकापोरने आपल्या दंडावरचा डाग तळहाताने झाकला. त्याच्या त्या हाताकडे मला बघवेना.

वेरेका हळूच म्हणाला, "मामा, आम्हाला पण जायची हौस नाही. पण हुकूम मोडला तर उद्या त्या लुटारूंत आणि आमच्यात फरक काय राहिला?" मग माझ्याकडे वळला. "मावशी, वाटेचा पाव किती वेळात होईल?"

वाटेचा पाव म्हणजे दोनदा भाजलेला. मी म्हटलं, "आज भाजते, उद्या कापून परत भट्टीत वाळवते, परवा सकाळी पोती भरून न्या. घाई केलीत तर तिसऱ्या मुक्कामाला बुरशी धरेल. पोटुशी बाई आहे, तिला बुरशी खायला घालणार आहेस?"

"म्हणजे दोन दिवस. आमचा नायक तेवढंच मागणार आहे कारभाऱ्याकडे. दोन दिवस आणि वाटेची शिदोरी."

"माझी पोर कोरड्या पावाशिवाय पाऊल टाकणार नाही," मुकापोर म्हणाला. तेवढीच एक गोष्ट त्याच्या हातात उरली होती. "आणि पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत मी पोचवायला येणार. तेवढं चालतं आम्हाला."

मी भट्टी पेटवली. झिया पिवळा रुमाल डोक्याला बांधून छावणीत सामान आवरायला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तोंड पाडू नका. मी लगेच मरत नाहीये."

दुसऱ्या दिवशी पाव कापायला घेतला आणि गल्लीत कर्णे वाजले. कारभाऱ्याने दोन दिवस नाकारले होते. आत्ताच्या आत्ता चालते व्हा, नाहीतर एकेकाला कापून काढू. नुसतं एवढ्यावर थांबला नाही मेला. कारखान्याची कोठारं उघडली आणि हातात येईल ते कारागिरांना वाटलं. भाले, ढाली, तलवारी. सुतार, लोहार, सरस लावणारे, सगळे शिपाई झाले! आयुष्यभर हत्यारं केली, चालवली कोणी होती? पण हातात आली आणि माणसं फुगली. चांभार, हमाल, नावाडी दगड घेऊन मागे.

मुकापोर माझ्या दारावरून गेला, हातात भाला.

"दादा, तू कुठे निघालास?"

"ती बाहेर आहे, बेंदिना. मी पुढे घुसतो आणि तिला हाताला धरून आत आणतो. मला कोण मारेल? अर्ध्या पलटणीच्या ढाली माझ्या हातच्या आहेत."

मी भट्टी तशीच टाकून तटाच्या पायऱ्या चढले. वरून सगळं दिसत होतं. बाहेर पलटण रांगेत उभी होती, पाठीमागे बायकांच्या गाड्या. आतून बाहेरून आमचे लोक शिव्या देत होते आणि ते गॉथ नुसते उभे होते. ढाली पायाशी टेकवलेल्या. त्यांना कळतच नव्हतं की काल आपल्याला पाव विकणारी माणसं आज काय बोलतायत. मी पिवळा रुमाल शोधत होते. धुळीत काही दिसेना.

दरवाजात मुकापोर सगळ्यांच्या पुढे होता. तिथे एका मुकादमाने त्याच्या हातात ढाल कोंबली. आणि त्याने काय केलं? जन्मभर जे केलं तेच केलं. भाल्याच्या दांड्याने ती ढाल ठोकली.

ठक... ठकठक.

त्याने ठोकलं म्हणजे मागच्यांनी ठोकायचंच. रीत ना! शेकडो ढाली एकदम वाजल्या. दरवाजाची कमान दणाणली.

पलटणीत भाल्याने ढाल ठोकली की त्याला एकच अर्थ असतो, तुटून पडा. हे मला पुढे एका म्हाताऱ्या शिपायाने सांगितलं. आम्ही पिढ्यान् पिढ्या ढाली केल्या, पण लढाई आमच्यात कोणी पाहिली होती? बाहेर गॉथांच्या ढाली झटकन वर आल्या. भिंतच उभी राहिली. आणि त्या भिंतीत, पुढच्या रांगेत, एक ढाल परत खाली आली. मी नीट पाहिलं. मला वाटलं, कोणाचा तरी हात अवघडला असेल.

तेवढ्यात आमच्या बाजूने पहिला दगड गेला, मग भाले.

पुढचं मी सांगत नाही. अर्ध्या तासात कारखान्याचे इतके कारागीर पडले की पुढे कितीतरी दिवस सरस उकळायला माणूस मिळेना. मुकापोरने ढाल फेकून दिली आणि "झिया, झिया" ओरडत उभाच राहिला. कोणीतरी त्याला कमरेला धरून आत ओढलं आणि दरवाजा लागला. बादशहाच्या पगारावरची ती पलटण, आमची ढाल, आमची तलवार हातात आणि आमचा पाव पोटात घेऊन सरळ त्या लुटारूंना जाऊन मिळाली. आणि सगळे मिळून आमच्याच शहराला वेढा घालून बसले. लोक म्हणतात रानटी आले आणि राज्य मोडलं. असेल. पण हे तर आधीच आत होते हो, आमच्यात जेवत होते.

वेढ्याच्या दिवसांत मुकापोर खात नव्हता, झोपत नव्हता. तटावर जायचा, खाली यायचा, परत जायचा. झिया जिवंत आहे का मेली, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

"माझ्या ठोक्याने झालं, बेंदिना."

"गप्प बस. दगड आधीपासून हातात होते लोकांच्या. कारभाऱ्याला दोन दिवस देता आले नाहीत, त्याचं काय?"

"ढाली माझ्या ठोक्याने उठल्या," तो म्हणायचा. बस, तेवढंच.

आणि मी, वेडीच म्हणा, तो कापलेला पाव तेवढ्यातही दुसऱ्यांदा भाजला. वाळवून पोत्यात भरून ठेवला. शेजारणी बोलल्या, की इकडे माणसं अर्धपोटी आणि ही शिदोऱ्या बांधतेय. मी ऐकून घेतलं नाही. एकेकीची अशी खरडपट्टी काढली की पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

तट काही त्यांना फोडता येईना. शेवटी एका दुपारी ते गाड्या जुंपायला लागले. त्यांच्या बायका तटाखाली मोडकी लाकडं गोळा करत होत्या आणि वरचे आमचे लोक दमून नुसते बघत होते. मुकापोर भिंतीला टेकून बसला होता, मी त्याला पाणी द्यायला गेले होते. आणि खालून आवाज आला.

ठक... ठकठक.

कारखान्यातले दोघेतिघे चमकून वाकले. मुकापोर उठला आणि अर्धा भिंतीबाहेर लोंबला, मी त्याचा पट्टा धरला म्हणून वाचला. खाली झिया उभी होती. पिवळा रुमाल नव्हता, केस मोकळे, पोट तेवढंच, आणि एका हातात ढाल.

"झिया! अगं पोरी! थांब, दोर सोडतो. वर ये. कोण अडवतो बघतो मी!"

"नको बाबा."

"मी सांगतो ना, ये! पाव पण आहे तुझा. बेंदिना, धाव, पोतं आण!"

मी धापा टाकत पोतं आणलं. पहारेकरी माझ्या भट्टीचं रोजचं गिऱ्हाईक होता, त्याने पाठ फिरवली. आम्ही पोतं दोराने खाली सोडलं. झियाने गाठ सोडून एक तुकडा दाताखाली घातला, अगदी लहानपणी घालायची तशी.

"छान वाळलाय, मावशी."

मुकापोर म्हणाला, "जावईबापू कुठे आहेत? त्यांना बोलाव. मी माफी मागतो त्यांची. ते ठोकलं ना, ते माझ्याकडून चुकून..."

झियाने ढाल वर धरली, तोंड आमच्याकडे करून. "ही ह्यांचीच. बघा बाबा. एक ओरखडा नाही हिच्यावर."

"मग? ते कुठे आहेत?"

"तुम्ही ठोकलंत ना, तेव्हा सगळ्यांनी ढाली उचलल्या. ह्यांनी पण उचलली. मी मागेच होते. मी ह्यांना म्हटलं, अहो, घाबरू नका, ते माझे बाबा आहेत. मी ओळखते त्यांचा हात. ते नुसती ढाल वाजवून बघतायत." तिने ढाल पायाशी टेकवली. "मग ह्यांनी खाली केली."

झियाने पोतं कमरेवर घेतलं, ढाल काखेत मारली आणि गाड्यांकडे चालायला लागली. एकदाही मागे वळली नाही. ती बाळंत कुठे झाली, काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही.

मुकापोर उतरणीच्या पायऱ्यांवर मध्येच बसला. मी म्हटलं, "दादा, रड. मोकळा हो." तो रडला नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला.

"बरोबर ओळखलं गं तिने," तो म्हणाला. "हात माझाच होता."